खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच्या रिंगा

लोक विचारतात, आडाला ओल्या मालाच्या रिंगा चांगल्या का कोरड्या मालाच्या? विचारतात आणि तोंडाकडं बघत बसतात. तीस वर्षं सिमेंटात हात घातलेल्या माणसाला हे विचारू नये. त्याच्याकडं उत्तर असतं मूठभर आणि राग असतो पोतंभर. माझा सगळा राग एकाच माणसावर होता, माझ्या साडूवर. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आज तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, हे आधीच लिहून टाकतो.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं, भाड्याच्या जागेत मी रिंगा पाडायचो. रिंग म्हणजे सिमेंटचं चार फुटी कडं. नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीत आड खणायचा तर कडेची माती आत बसते, म्हणून एकावर एक रिंगा ठेवून त्याला भिंत करतात. पहिली रिंग जमिनीवर ठेवायची. माणूस तिच्या आत उतरतो, तिच्या बुडाखालची माती खणून वर देतो, आणि रिंग आपल्याच वजनानं खाली सरकते. मग तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. माणूस सगळा वेळ आतच असतो. रिंगेनं दगा दिला तर तो वर येत नाही.

माझी पद्धत ओली. माल पातळ कालवायचा, घमेल्यानं साच्यात ओतायचा, सळईनं कोचून कोचून त्यातली हवा काढायची आणि साचा तसाच ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोल्ट ढिले करून साचा उघडायचा. आत रिंग तयार, अंगानं गुळगुळीत, हात फिरवत बसावं अशी. ती उतारावरून गडगडत हौदात सोडायची आणि पंधरा दिवस पाण्यात विसरून जायची. एका साच्याची दिवसाला एक रिंग. माझ्याकडं दोन साचे, म्हणजे दिवसाला दोन. तिसरी कुणी मागितली तर मी त्याला चहा पाजायचो आणि दुसऱ्याकडं जा म्हणायचो. त्यात माझा गुमान होता. आता म्हणतो गुमान, तेव्हा मी त्याला इमानदारी म्हणायचो.

साडू सूतगिरणीत होता. तिथल्या साहेबाशी भांडून घरी बसला. चार महिने बसला, मग सासऱ्यांनी मला बोलावून सांगितलं की तुमची निम्मी जागा मोकळी पडलीय, तिथं धाकट्या जावयाला काहीतरी करू द्या. सासरे म्हणजे वैजापूर तालुक्यातले जमीनदार माणूस. ते सांगायचे, विचारायचे नाहीत. मी व्हय म्हणलं. मनात म्हणलं, हा काय करणार, चार दिवस धूळ खाईल आणि पळून जाईल.

तो पळाला नाही. त्यानं नाशिककडून कुठून तरी थरथरणारं मशीन आणलं. एवढंसं लोखंडी धूड, पण सुरू झालं की माझ्या टपरीतले चहाचे कप फळीवरून चालत खाली यायचे. दिवसभर ती धडधड. जेवताना धडधड, गिऱ्हाइकाशी बोलताना धडधड. मी ओरडून भाव सांगायचो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडं बघत राहायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याचा माल कोरडा. म्हणजे अगदी कोरडा नाही, भिजलेल्या वाळूइतका ओलसर. मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. तो माल साच्यात भरायचा, मशीनवर थरथरवून घट्ट दाबायचा आणि साचा तिथल्या तिथं वर उचलून घ्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं साचा उचलला तेव्हा मी हातातलं काम टाकून बघायला गेलो. रिंग उघडी उभी राहिली, सिमेंट पडून पाव तास झाला नव्हता. मी मनातल्या मनात म्हणलं, पड. पडली नाही. तोपर्यंत त्यानं तोच साचा दुसऱ्या रिंगेला लावलासुद्धा. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन साच्यांसमोर त्याच्या सोळा रिंगा रांगेत उभ्या होत्या.

मग माझं तोंड सुरू झालं. त्याच्या रिंगेला मी चाळणी म्हणायचो, कारण अंगानं ती खरखरीत, बारीक बारीक छिद्रं दिसायची. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो की हे वाळूचे लाडू आहेत, पहिल्या पावसात विरघळतील. एकदा तर त्याच्या रिंगेवर मुद्दाम पान खाऊन थुंकलो आणि म्हणलं, बघू किती पितीय. तो बघत होता. त्यानं पाण्यानं धुऊन टाकलं.

पण तोही काही गाय नव्हता. तो गिऱ्हाइकांना सांगायचा की ओल्या मालात आमचे भाऊ तुम्हाला पाणी विकतात. हे झोंबायचं, कारण खरं होतं. माल पातळ असला की ओतायला सोपा, म्हणून माझी माणसं मी पाठ वळवली की एक बादली जास्त ओतायची. जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि रिंग आतून पोकळ राहते, बाहेरून गुळगुळीतच दिसते. त्याच्या मालात हे पापच नव्हतं. पाणीच एवढं कमी की रिंग नीट झाली तर माझ्यापेक्षा घट्ट व्हायची. हे मी पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. हातोडीच्या दांड्यानं टोला मारला की त्याची रिंग घंटेसारखी टणकन बोलायची. आजूबाजूला कुणी नसताना मी मारून बघायचो.

त्याच्या रिंगेची दुखरी जागा दुसरीकडं होती. माझी रिंग रात्रभर साच्यात झाकलेली असते आणि नंतर हौदात बुडलेली. तिचं पाणी कुठं जात नाही. त्याची रिंग पहिल्या तासापासून उघडी, उन्हावाऱ्यात. जरा आवळली की तिच्यावर बारीक फवारा मारायचा, आणि मग दिवसातून पाच-सहा वेळा तिला भिजवत राहायचं, सात-आठ दिवस. पहिले दोन दिवस चुकले तर संपलं. नंतर कितीही पाणी मारा, दिसायला रिंग तशीच दिसते, पण आतून खडूच राहते. तर ओल्या कामात पाणी आधी जास्त पडतं आणि कोरड्या कामात नंतर कमी पडतं. तुम्हाला निकाल पाहिजे होता ना, हा घ्या. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, हरामखोरी माणसांत असते.

त्या वर्षी पावसानं सासऱ्यांच्या मळ्यातला जुना आड ढासळला. मळा नदीच्या बाजूला, सगळा गाळ. प्यायच्या पाण्याची पंचाईत आणि कांद्याचं रोप टाकलेलं, त्यालाही पाणी पाहिजे. सासरे स्वतः आले. सोळा रिंगा पाहिजेत म्हणाले. मी हिशोबानं सांगितलं की पाडायला आठ दिवस, भिजायला पंधरा, वरचे एक-दोन धरा, पंचवीस दिवसांनी घेऊन जा. थोरला जावई मी, घरचं काम, मला वाटलं मलाच सांगणार.

सासऱ्यांनी माझ्या गुळगुळीत रिंगेवर काठी टेकवली आणि माझ्या माणसांसमोर म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या रिंगा येईस्तोवर माझ्या कांद्याच्या रोपाचं तेरावं होईल." माणसं हसली. माझी माणसं, माझ्या हातचा पगार घेणारी. मग सासरे धडधडीकडं गेले आणि साडूच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. माझ्या खांद्यावर त्यांनी कधी हात ठेवला नव्हता. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोशी कारण नसताना भांडलो.

साडूकडं आधीचं एक काम होतं. ते उरकून त्यानं सासऱ्यांच्या सोळा रिंगा पाडल्या त्या बरोबर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जातानाचा पहिला फवारा त्यानं मारला. ते मी बघितलं.

आता खंडेनवमीचं सांगितलं पाहिजे. त्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं धुऊन मांडतो. साचे, फावडी, घमेली, थाप्या, सळया, साडूचं मशीन, पाण्याची मोटर, पाइपाचं वेटोळं. हळदीकुंकू, झेंडूचे हार, नारळ. आणि एकदा पूजा झाली की पूजेतलं हत्यार उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं की मगच. हा नेम सगळीकडं कमी-जास्त पाळतात, पण माझ्या जागेत तो माझा नेम होता आणि मी तो काठी घेऊन पाळायचो. एका वर्षी एका माणसानं पूजेतलं फावडं हातात घेतलं होतं, त्याला मी रस्त्यापर्यंत हाकललं होतं. माझ्या धंद्याला सण मानवायचा. माझ्या रिंगा हौदात, त्यांना दोन दिवस माणूस लागत नाही. त्यामुळं या नेमाची किंमत मला कधी मोजावी लागली नव्हती.

सकाळी पूजेची मांडणी चालली होती. मोटर माझी होती, पाइप माझा होता, साडू तो वापरायचा. तो माझ्याजवळ आला, डोक्यावर रुमाल बांधलेला, हातात हार. हळूच विचारलं की मोटर पूजेतून बाजूला ठेवली तर चालेल का, कालच्या रिंगांना पाणी मारायचंय. पुढं म्हणाला, "भाऊ, तुम्ही या धंद्यातले जुने. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना पाणी नाय मिळालं तर चालंल का?"

एवढ्या दिवसांत त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मशीन विकणाऱ्यानं त्याला पाणी मारा एवढं सांगितलं होतं, का आणि किती ते नाही. दसऱ्याचं ऊन किती वाईट असतं ते तुम्हाला माहीत आहे. पाऊस गेलेला, आभाळ कोरडं ठणठणीत, वारा सुटलेला. मला सगळं माहीत होतं. मी म्हणलं, "चालंल की." आणि वर म्हणलं की मोटर पूजेत नाही तर पूजा कसली.

त्यानं मान डोलावली आणि स्वतःच्या हातानं मोटरीला हार घातला.

दुपारपर्यंत त्या सोळा रिंगा पांढऱ्याफटक पडल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन तो माझ्याकडं आला, सोनं दिलं, गळाभेट घेतली. त्याच्या खांद्यावरून मला त्या रिंगा दिसत होत्या. मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. कल्पना अशी होती की रिंगा उतरवायच्या आधीच दोन-चार काठाला फुटतील, सासरे शिव्या घालतील, धाकट्याचा दिमाख उतरेल आणि सोळा रिंगा माझ्याकडून न्याव्या लागतील. मी मनात पुढची वाक्यंसुद्धा तयार करून ठेवली होती.

त्या संध्याकाळपासून साडूनं पाणी मारायला सुरुवात केली. मारलं, भरपूर मारलं, उशिरानं मारलं. रिंगा पुन्हा काळपट दिसायला लागल्या आणि त्याचं समाधान झालं. बारा दिवसांनी ट्रॅक्टर आला. भरताना एकही काठ फुटला नाही. मी एका रिंगेला हातोडीचा दांडा मारला. आवाज थप्प आला, ओल्या भिंतीवर मारल्यावर येतो तसा. मी दुसरीला मारला. थप्प. साडू ट्रॅक्टरच्या पलीकडं दोर बांधत होता. मी हातोडी खाली ठेवली आणि चहा प्यायला गेलो.

तुम्ही म्हणाल, माणूस आत उतरणार हे तुला माहीत नव्हतं का? होतं. पण जो उतरणार होता तो आड खणणारा होता, भाड्यानं आणलेला. मेंढपाळाच्या घरातला माणूस, कळप मोडल्यापासून आसपासच्या गावांत रिंगा उतरवून पोट भरायचा. माझ्या कितीतरी रिंगा त्यानं उतरवल्या होत्या. मी त्याला ओळखत होतो, त्याला तंबाखू दिली होती. तरी ट्रॅक्टर गेल्यावर तीन दिवस मला झोप व्यवस्थित लागली. त्याच्या घरी कोण आहे, किती लेकरं आहेत, हा विचार एकदाही डोक्यात आला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती, म्हणून लिहितोय.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोच्या माहेरची एक बाई गुलमंडीत दिवाळीचं कापड घ्यायला आली होती, ती आमच्याकडं चहाला थांबली. दोघी गप्पा मारत होत्या. मी बूट घालत होतो. आतून ऐकू आलं की आड खणणाऱ्याच्या पायावर पहार पडली, तो बसून आहे, आणि थांबायला वेळ नाही म्हणून मळ्यात माझा मेहुणाच उतरलाय, कालपासून. माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. त्याचं लग्न होऊन सहा महिने झाले नव्हते. माझ्या लग्नात माझ्या मांडीवर बसून जेवला होता.

बूट एका पायात तसाच राहिला. बायकोनं विचारलं, काय झालं. तोवर मी रस्त्यावर होतो.

वैजापूरच्या बसमध्ये मी उभाच होतो. बसायला जागा होती, पण बसवेना. सगळ्या वाटेत मी साडूला शिव्या देत होतो. त्याला अक्कल नको का, त्यानं दुसऱ्या कुणाला विचारायला काय झालं होतं, लोट्यानं पाणी घालता येत नव्हतं का, लोटा काय पूजेत होता? असं कितीतरी. फाट्यावर उतरल्यावर मळ्यापर्यंत पळत गेलो आणि तेव्हा कुठं शिव्या थांबल्या, कारण दम पुरत नव्हता.

मळ्यात पाणी उपसायचं इंजिन चालू होतं. आडावर तीन वासे उभे करून कप्पी बांधलेली. आड खणणारा पायाला फडकं गुंडाळून काठावर बसला होता आणि मातीच्या बादलीचा दोर त्याच्या हातात होता. नऊ रिंगा खाली गेल्या होत्या. दहावी वर ठेवली होती, पण सगळा खांब अडकला होता, एका बाजूनं सरकत नव्हता. सासरे आणि साडू वरच्या रिंगेवर लाकडाचा ओंडका आपटून तो खाली दाबायच्या तयारीत होते. मेहुणा तळाशी, गुडघाभर चिखलात.

मी ओरडलो की थांबा, आधी त्याला वर घ्या. सासऱ्यांनी ओंडका खाली ठेवला, मला नखशिखांत बघितलं आणि विचारलं की जळायला एवढ्या लांब आलात का? मी म्हणलं रिंगा कच्च्या आहेत. ते म्हणाले, तुम्ही वर्षभर हेच म्हणताय. खरंच होतं. वर्षभर मी त्या रिंगांना चाळणी म्हणालो होतो, वाळूचे लाडू म्हणालो होतो, आणि आता खरं सांगायला आलो तर माझ्याकडं तेच शब्द उरले होते. खालून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी आले का? चहा ठेवा दाजींना." तो हसत होता.

तिथं पाण्याची कळशी होती. ती उचलून मी न उतरवलेल्या एका रिंगेवर ओतली. पाणी खाली ओघळलंच नाही, रिंगेनं सगळं पिऊन टाकलं. खिळ्यानं ओढलं तर पांढरा भुगा पडला. सासरे म्हणाले, सिमेंट पाणी पितंच. पण साडू बघत होता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला, हे मला दिसलं. त्याला आठवलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी बोलेन का याची वाट बघत होता, असं मला वाटलं.

मी गप्प राहिलो असतो तर दोष त्याचाच राहिला असता. ओंडका पुन्हा सासऱ्यांच्या हातात होता.

"सणाचे दोन दिवस या रिंगांना थेंबभर पाणी नाय," मी म्हणलं. "यानं मला विचारलं होतं. मीच म्हणलो चालंल. मला माहीत होतं नाय चालायचं. माहीत असून म्हणलो."

इंजिन चालूच होतं. मग सासऱ्यांनी ओंडका टाकला, काठावर वाकले आणि मुलाला नावानं हाक मारली, दोर धर म्हणाले. आड खणणाऱ्यानं दोर सोडला, साडूनं आणि मी मिळून ओढला. मेहुणा वर आला, मांड्यांपर्यंत चिखल, अजून हसत, काय झालं काय झालं विचारत. सासऱ्यांनी त्याला हाताला धरून आडापासून लांब नेलं. लहान पोराला नेतात तसं. तो जवान गडी तसाच गेला.

साडूनं ओंडका उचलला. मला वाटलं माझ्या डोक्यात घालतो. घालायला पाहिजे होता. त्यानं तो वरच्या रिंगेवर आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्या टोल्याला खालून कडकड आवाज आला. खालून दुसरी का तिसरी रिंग आडवी फुटली आणि तिच्या फटीतून गाळ आत आला. आधी हळूहळू, मग भसकन. आम्ही वरून बघत होतो. मेहुण्याचं फावडं तळाला उभं ठेवलेलं होतं, ते पूर्ण दिसेनासं झालं. इंजिनाचं पाणी ओढायचं नळकांडंही झाकलं आणि इंजिन घरघरून बंद पडलं.

साडू ओंडका टाकून निघून गेला. त्यानं मला शिवी दिली नाही. देता तर बरं झालं असतं, आम्ही पुन्हा कधीतरी बोललो असतो. सासऱ्यांनी पाठ फिरवून सांगितलं की पाणी पिऊन जा. घरी जा म्हणाले नाहीत, पाणी पिऊन जा म्हणाले, म्हणजे त्यांच्या भाषेत आता परत येऊ नका. मी पाणी प्यायलो नाही.

काठावर आड खणणारा एकटा राहिला होता.  तळहातावर दोरानं सालटी निघाली होती, त्यांच्यावर तो थुंकी लावत होता. मी त्याच्यासमोर जाऊन का उभा राहिलो, सांगता येत नाही. कुणीतरी मला बरं बोलावं असं वाटत असेल. पळत आलो होतो, खरं बोललो होतो, माणूस वाचला होता.

त्यानं मान वर केली. आवाजात राग नव्हता. रान कुठवर पेरलं असं विचारावं तसं विचारलं.

"पाव्हणं, माझा पाय बरा असता तर खाली मी असतो. आला असता का तुम्ही?"

मी म्हणलं, "आलो असतो की." लगेच म्हणलं, विचार न करता म्हणलं. त्यानं मान हलवली आणि लंगडत लंगडत दोर गोळा करायला लागला.

त्याला आता हे वाचून दाखवणारं कुणी असेल तर त्यानं वाचून दाखवावं. मी आलो नसतो.